दुपारी हरवणारी पानं

१

चोर असा होता, की रोज दुपारी एक पान पळवायचा आणि दुसऱ्या सकाळी ते जागच्या जागी असायचं.

"असला प्रामाणिक चोर मी जन्मात ऐकला नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप पाहुणीपुढे सरकवला. "आमच्या दवाखान्यातली छत्री नेलेली माणसंसुद्धा अशी वागली नाहीत."

"अहो, तिला बोलू द्या," बाई म्हणाल्या.

बाई म्हणजे सेमीकोलनबाई. खरं नाव त्यांच्या घराच्या पाटीवर होतं, पण तंत्रनिकेतनात तीस वर्षं संगणकाची सी भाषा शिकवली, ओळीच्या शेवटी सेमीकोलन विसरणाऱ्याचा एकेक मार्क न चुकता कापला, तेव्हा मुलांनी हे बारसं केलं आणि ते टिकलं. निवृत्तीनंतर त्या बागकाम शिकणार होत्या. दोन कुंड्या आणून झाल्या होत्या. दोन्ही रिकाम्या होत्या.

पाहुणी त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता अंधांसाठी ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या छापखान्याची संचालिका. एके काळी पहिल्या बाकावरून सारखे प्रश्न विचारणारी ही मुलगी आज कपाकडे बघत बसली होती. तिने पिशवीतून एक जाड पिवळसर कागद काढला. वरच्या बाजूला उठावाच्या ठिपक्यांची एकच ओळ, बाकी सगळं कोरं.

"काय लिहिलंय?" बाईंनी ठिपक्यांवरून बोट फिरवत विचारलं. बोटाला काही कळलं नाही.

"'पान सापडले नाही.' एवढंच. आमच्याकडे पुस्तकाचं प्रत्येक पान म्हणजे एक वेगळी फाइल. प्रोग्राम एकेक फाइल वाचतो, यंत्र ठिपके उठवतं. महिना झाला, रोज दुपारी एखादं पान येतच नाही. त्याच्या जागी हा कागद पडतो आणि प्रोग्राम बंद होतो. परत सुरू केला की पुढची पानं सुरळीत. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर हरवलेली फाइल कपाटात असावी तशी तिथेच."

"प्रोग्राम कुणाचा?"

"मामंजींचा. छापखाना त्यांनीच काढला. आता ते नाहीत."

"आणि संशय कुणावर?"

संचालिकेचे डोळे भरून आले. "भावजींवर."

भावजी म्हणजे तिचा धाकटा दीर. सहा फूट उंच, दाराशी उभा राहिला की खोलीत अंधार व्हावा असा. म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. कुस्ती त्याने आयुष्यात केली नव्हती. जुने यंत्रचालक महिन्यापूर्वी निवृत्त झाले आणि दुपारचं यंत्र त्याच्या हाती आलं. सकाळी यंत्र संचालिका स्वतः चालवायची. सकाळी एकही पान हरवायचं नाही.

"सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ते तीन दिवस रजेवर होते. दुपारचं काम मीच केलं. त्या तीन दिवसांत काही हरवलं नाही, बाई. मी तरी काय समजायचं? काल विचारलं, 'पान जातं तेव्हा तुम्ही कुठे असता?' तर मान खाली घालून गप्प. मग माझ्याही तोंडून नको ते गेलं. ते उठले, यंत्राच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेले. घरीही आले नाहीत. मित्राच्या खोलीवर राहिलेत. सासूबाई जेवत नाहीयेत, आमचे हे माझ्याशी बोलत नाहीयेत. आणि शनिवारी अंधशाळेची पुस्तकं द्यायची आहेत, सोमवारपासून परीक्षा आहे त्यांची."

बाईंनी कागद पुन्हा हातात घेतला.

"हा कागद कुठलं पान ते सांगत नाही. का मिळालं नाही तेही सांगत नाही."

"पेशंटने येऊन नुसतं 'बरं नाही' म्हणावं, तसं," डॉक्टर म्हणाले.

"कारण मी शोधलं, बाई," संचालिका हळूच म्हणाली. "तुम्ही शिकवलं होतं, तशी पडद्यावर कारण दाखवणारी ओळ परवा संध्याकाळी प्रोग्रामात घातली. काल दुपारी कारण आलं. म्हणून तर मी त्यांना इतकं बोलले."

"काय आलं?"

"'या उपकरणाला ही आज्ञा लागू नाही.' म्हणजे कुणीतरी यंत्राशी खेळलंय. आणि काल सकाळीच भावजींनी यंत्राचं झाकण उघडून तेल घातलं होतं."

बाई उठल्या. "अहो, स्कूटर काढा."

२

छापखाना म्हणजे एका लांबट इमारतीचा तळमजला. एका टोकाला यंत्राची खोली, मधे व्हरांडा, दुसऱ्या टोकाला बांधणीची खोली आणि तिच्या शेजारी वाचकांची. यंत्र चालू झालं की सगळ्या इमारतीत पत्र्यावर फुटाणे पडल्यासारखा आवाज घुमायचा.

तपासाला पहिला माणूस सापडला तो वाचककाका. जन्मापासून दृष्टी नाही, छापलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचून तपासायचं काम त्यांचं, आणि चूक सापडली की त्यांना होणारा आनंद लपत नसे.

"या, तुम्ही सेमीकोलनबाई," ते म्हणाले. "तुमच्याबरोबर डॉक्टर आहेत. डेटॉलचा वास निवृत्त होत नाही."

डॉक्टरांनी चटकन स्वतःचे हात हुंगून पाहिले.

"पहिला कागद तुम्हाला सापडला?" बाईंनी विचारलं.

"मलाच. इतिहासाच्या पुस्तकात. राजा लढाईला निघाला, पान उलटलं तर 'पान सापडले नाही', पुढच्या पानावर राजा मेलेला. मी म्हटलं, निदान कशाने मेला ते तरी सांगा!" ते स्वतःच्याच विनोदावर हसले, आणि मग गंभीर झाले. "बाई, हा कागद निर्लज्ज आहे. आगाऊपणाने येऊन बसतो आणि उपयोगाचं एक अक्षर बोलत नाही. कुठलं पान गेलं ते मला मागचं-पुढचं चाचपून शोधावं लागतं."

"पान जातं तेव्हा पैलवान यंत्राजवळ असतो?"

वाचककाकांची बोटं पानावर थांबली.

"नसतो," ते म्हणाले.

"कशावरून?"

"यंत्राचा आवाज थांबतो आणि त्यानंतर त्याची पावलं व्हरांड्यातून पळत जातात. तिकडून येत नाहीत, इकडून तिकडे जातात. म्हणजे थांबलं तेव्हा तो इकडेच होता."

संचालिका चकित झाली. "काका, मग हे तुम्ही मला काल का नाही सांगितलंत?"

"तू मला विचारलंस कुठे? आणि 'इकडे' म्हणजे कुठे, ते सांगणं माझं काम नव्हे." त्यांनी पान उलटलं. "आणखी एक ऐकायचं असेल तर ऐका. त्याच सुमाराला दुसऱ्याच कुणाची तरी पावलं यंत्राच्या खोलीत जातात. सपातांची. फट फट फट. रोज."

"सपाता कोण घालतं इथे?"

"एकच माणूस," संचालिका म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "आमचे व्यवस्थापक."

३

व्यवस्थापक किरकोळ अंगाचे, नीटनेटके गृहस्थ. त्यांच्या टेबलावर सगळ्या पेन्सिली एकाच उंचीच्या होत्या. बाईंनी सरळच विचारलं, दुपारी यंत्राच्या खोलीत काय करता?

ते तांबडेलाल झाले. "म्हणजे माझ्यावर संशय आहे का? मला माहीतच होतं. नवा प्रोग्राम विकत घ्या असं मी म्हणालो, तेव्हाच सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या."

"म्हणजे हा जुना प्रोग्राम तुम्हाला नकोच आहे," डॉक्टर पुढे सरसावले. रहस्यकथा त्यांनी पुष्कळ वाचल्या होत्या.

"नकोच आहे! पण म्हणून काय पानं पळवीन? ती पोरं ज्या पुस्तकांवर परीक्षा देणार ती पुस्तकं?" त्यांनी टेबलावरची एक पेन्सिल सरळ केली. "माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत शिकला आहे, मॅडम."

डॉक्टर मागे सरकले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

"माफ करा," बाई म्हणाल्या. "पण खोलीत जाता, ते कशासाठी?"

"कागदासाठी. हा ब्रेलचा कागद किती जाड असतो, पाहिलात ना? सहज मिळत नाही. प्रोग्राम सुरू केला की यंत्र आधी चाचणीचे दोन कागद ठिपके उठवून फेकून देतं. जुने चालक रोज जेवायच्या सुट्टीत सगळं बंद करायचे, वर कापड झाकायचे. म्हणायचे, यंत्रालाही सुट्टी हवी. म्हणजे रोज दोनदा सुरू, रोज दुप्पट नासाडी. ते निवृत्त झाले त्या दिवसापासून मी नियम केला, एकदा सकाळी चालू केलं की संध्याकाळीच बंद. तो नियम पाळला जातो का, हे बघायला मी दुपारी डोकावतो. हात लावत नाही कशालाही."

"जुने चालक गेले, पैलवान आला आणि हा नियम सुरू झाला, सगळं एकाच दिवशी?"

"हो. एकाच दिवशी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांनी संचालिकेला कोपराने हळूच डिवचलं. चष्मा आधीच स्वच्छ असताना बाई तो पुसू लागल्या की काहीतरी सापडलेलं असतं, हे त्यांना चाळीस वर्षांच्या संसारात कळलं होतं.

"पोरी, सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवसांत दुपारी तू काय केलंस? अगदी जसं केलंस तसं सांग."

"दुपारी त्यांना बघायला दवाखान्यात गेले. डबा दिला. परत येऊन यंत्र चालवलं."

"जाताना?"

"जाताना खोलीला कुलूप. यंत्रापाशी मागे कुणी नव्हतं, म्हणून सगळं बंद करून..." ती थांबली. "सगळं बंद करून गेले, बाई. नियम मोडला मी. पण त्याचा फाइल हरवण्याशी काय संबंध?"

"ते यंत्रच सांगेल. सध्या ते खोटं बोलतंय."

४

बांधणीच्या खोलीत वाचककाकांची मुलगी पुस्तकांच्या पाठी शिवत होती. जाड सुई, मेणाचा दोरा, बोटाला पट्टी. वडिलांचं नाक आणि वडिलांचीच जीभ. बाई आत आल्या तरी तिचा टाका थांबला नाही.

"पैलवान दुपारी इथे येतो का गं?"

"दाराशी येतो."

"कशाला?"

"ते त्यालाच विचारा. रोज येतो, 'दोरा पुरतोय ना?' असं विचारतो. पुरतो म्हटलं की उभा राहतो. मग यंत्र थांबतं आणि पळत जातो." तिने दोरा दाताने तोडला. "काल संध्याकाळपासून दोरा कुणी विचारला नाही."

"मग काल हे त्याच्या वहिनींना सांगायचंस."

"मी सांगून काय झालं असतं? सगळ्या छापखान्याने दोन दिवस मला चिडवलं असतं आणि त्याने पुन्हा इकडे तोंड दाखवलं नसतं." ती पहिल्यांदा वर बघून म्हणाली, "आणि तो तरी का गप्प बसला असेल असं तुम्हाला वाटतं?"

बाई तिच्याकडे बघून हसल्या आणि यंत्राच्या खोलीकडे वळल्या.

पडद्यावर संचालिकेच्या सासऱ्यांचा प्रोग्राम उघडला. बाई तो चवीने वाचत होत्या. ओळी सरळ, नावं समजतील अशी, मधे मधे स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा: 'इथे उद्या परत बघणे', 'चहा झाला, आता चालतंय'.

"गोड माणूस असणार," बाई म्हणाल्या.

"फार," संचालिका म्हणाली. "भावजींवर जीव होता त्यांचा."

"आणि त्यांच्याच प्रोग्रामने मुलावर आळ घेतला. हे बघ, फाइल उघडायला सांगितली. उघडली नाही, तर काय छापायचं? 'पान सापडले नाही.' आता मला सांग, पान सापडलं नाही हे प्रोग्रामला कसं कळलं?"

संचालिका पहिल्या बाकावर बसल्यासारखी सावरून बसली. "फाइल उघडली नाही म्हणून."

"म्हणजे त्याला कळलं ते एवढंच, की उघडली नाही. न उघडायला कारणं पुष्कळ. फाइल तिथे नसेल. असेल पण वाचायची परवानगी नसेल. फाइल समजून आपण फोल्डरच उघडत असू. तुझ्या मामंजींना एकच कारण सुचलं आणि त्यांनी ते ठोकून दिलं. प्रोग्राम 'सापडलं नाही' म्हणाला, म्हणून तुम्ही चोर शोधत बसलात. पान गेलं त्या क्षणी ते संगणकातल्या कपाटात आहे की नाही, हे कुणी पाहिलं?"

व्यवस्थापक आणि संचालिका एकमेकांकडे बघू लागले. कुणीच पाहिलं नव्हतं. पाहिलं ते दुसऱ्या सकाळी.

"म्हणजे पानं हरवलीच नव्हती?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"माझ्या मते एकही नाही."

"पण मी कारण छापलं होतं ना, बाई! आज्ञा लागू नाही, असं यंत्रणेनेच सांगितलं."

"तुझी ओळ दाखव. सेमीकोलन आहे, शाबास. आता तिच्या वरच्या ओळी वाच."

संचालिकेने वाचलं. फाइल उघडली नाही, तर आधी यंत्राला विचारायचं की तू ठिपके उठवायला मोकळं आहेस का. मग तो कागद छापायचा. आणि सगळ्यात शेवटी तिची कारणाची ओळ.

"संगणकाची यंत्रणा प्रत्येक कारणाला एक आकडा देते आणि तो एकाच जागी ठेवते," बाई म्हणाल्या. "नवीन काही बिनसलं, की जुन्या आकड्यावर नवा. मधे प्रोग्रामने यंत्राला विचारलं, मोकळं आहेस का? हे यंत्र जुनं. त्याला तो प्रश्नच कळत नाही. त्याने म्हटलं, ही आज्ञा मला लागू नाही. एरवी त्याचं कुणी मनावर घेत नाही, काम पुढे चालतं. पण फाइलचं खरं कारण त्याने पुसलं ना!"

"पेशंट घसा दुखतो म्हणून आला," डॉक्टर म्हणाले, "तू आधी त्याच्या पायावर पाय दिलास आणि मग विचारलंस, कुठे दुखतंय?"

कुणीतरी खुदकन हसलं. व्यवस्थापक होते. संचालिका मात्र हसली नाही.

"म्हणजे भावजींनी तेल घातलं त्याचा काहीच..."

"काही नाही. तेल चांगलं घातलंय. आवाज कमी झाला असेल."

बाईंनी काम सुरू केलं. फाइल उघडली नाही, की पहिल्याप्रथम कारणाचा आकडा बाजूला उचलून ठेवायचा, बाकीचं सगळं नंतर. मग कागदावर तीन गोष्टी छापायच्या: काय करत होतो, कुठल्या फाइलशी, आणि का जमलं नाही. आकड्याचा अर्थ साध्या भाषेत. आणि हे सगळं पडद्यावर नव्हे, ठिपक्यांत, कारण तो कागद शेवटी वाचणार ते वाचककाका.

"आता नियमाप्रमाणे चालवा," त्या व्यवस्थापकांना म्हणाल्या. "जेवायच्या सुट्टीतही बंद करू नका. आज इथे पैलवान नाही, यंत्राला कुणी हात लावणार नाही. आणि तरीही आज दुपारी एक पान जाणार आहे."

५

दुपारभर फुटाणे फुटत राहिले. सगळे यंत्राच्या खोलीत जमले होते. वाचककाकांना मधोमध खुर्ची दिली होती आणि ते न्यायाधीशासारखे बसले होते. त्यांची मुलगी दाराशी उभी, हातात अर्धं शिवलेलं पुस्तक. डॉक्टरांना डुलकी लागली होती.

संचालिका बाईंच्या कानाशी लागली. "आज काही झालं नाही तर?"

"तर मी बागकाम शिकेन."

आवाज थांबला.

इतकी शांतता झाली, की डॉक्टर दचकून जागे झाले. यंत्राने एक कागद पुढे ढकलला. व्यवस्थापकांचा हात आपोआप पुढे गेला, पण त्यांनी तो आवरला आणि कागद वाचककाकांच्या हाती दिला.

त्यांची बोटं कागदभर सरकली. पहिल्यांदाच या कागदावर एकाहून जास्त ओळी होत्या. ते हळूहळू, एकेक शब्द तोलत वाचू लागले.

"'भूगोल, पान एकशे सात. वाचण्यासाठी ही फाइल उघडता आली नाही. कारण: या प्रोग्रामने एकाच वेळी फार फाइली उघड्या ठेवल्या आहेत.'" त्यांनी मान वर केली. "अरे वा. बोलायला लागला की हा!"

"कपाट बघा," बाई म्हणाल्या. "आत्ता."

व्यवस्थापकांनी दुसऱ्या संगणकावर पाहिलं. भूगोल, पान एकशे सात. होतं. नेहमी होतं तिथेच.

"फाइल उघडायची, वाचायची आणि बंद करायची," बाई म्हणाल्या. "मामंजींनी उघडली, वाचली आणि बंद करायला विसरले. प्रत्येक वाचलेलं पान प्रोग्राम मुठीत धरून बसतो. यंत्रणा एका प्रोग्रामला किती फाइली धरू देते, त्याला मर्यादा आहे. ती भरली, की पुढची फाइल, मग ती कुठलीही असो, हातात येत नाही. प्रोग्राम बंद झाला, की सगळ्या आपोआप सुटतात. म्हणून परत सुरू केल्यावर पुढची पानं सुरळीत."

"आणि जुने चालक जेवायला जाताना बंद करायचे," संचालिका पुटपुटली, "म्हणून मर्यादा कधी भरलीच नाही. मी दवाखान्यात जाताना बंद केलं, म्हणून त्या तीन दिवसांतही नाही."

"सकाळी कधीच नाही, कारण सकाळी नुकती सुरुवात असते. दुपारी भरते. दुपारी यंत्रावर जो असेल, तो चोर ठरणार. पैलवान होता, म्हणून पैलवान."

व्यवस्थापक खाली बघत होते. "म्हणजे माझ्या नियमाने झालं हे."

"तुमचा नियम बरोबर आहे. आता एक ओळ घालते, मग खुशाल दिवसभर चालू ठेवा. कागद वाचेल."

बाईंनी फाइल बंद करणारी ती एक ओळ लिहिली. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि एकशे सातवं पान ठिपक्याठिपक्यांनी बाहेर पडलं. संध्याकाळपर्यंत ते अखंड चाललं.

संचालिका मात्र पहिलं पान बाहेर पडतानाच उठली होती. तिच्या हातात किल्ली होती. "बाई, माझ्याबरोबर चला. मला एकटीला जायचं तोंड नाही."

"मीही येतो," वाचककाका म्हणाले. "निकाल मी वाचला, मीच त्याला सांगणार. पोरी, हात दे." त्यांनी मुलीकडे हात पुढे केला.

६

पैलवानाच्या मित्राची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. जिना अरुंद. संचालिका आणि बाई पुढे, वाचककाका मुलीचा हात धरून मागे, आणि डॉक्टर खाली स्कूटरपाशी, कारण गुडघ्यांनी त्यांना आधीच नोटीस दिली होती.

दार उघडलं तेव्हा पैलवानाच्या अर्ध्या गालाला साबणाचा फेस होता. वहिनीला बघून तो दाढीचं पातं हातात तसंच धरून उभा राहिला.

"भावजी, पानं हरवलीच नव्हती," संचालिका म्हणाली. घोकून आणलेलं बाकी सगळं ती विसरली. "तुमचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. घरी चला. आई जेवत नाहीयेत."

"आईच्या डोळ्यात थेंब घातलेत का वेळेवर?" त्याने विचारलं.

यावर मात्र तिला रडू आवरेना. पैलवान गांगरला. एवढा मोठा माणूस दारात उजवीकडे डावीकडे वळू लागला, टॉवेल शोधू लागला, तो स्वतःच्या खांद्यावर आहे हे त्याला कळेना. शेवटी बाईंनी तो ओढून संचालिकेच्या हातात दिला.

"रागावलायस?" बाईंनी त्याला विचारलं.

"थोडा." तो वहिनीकडे वळला. "वहिनी, चोर म्हणालात त्याचं एवढं नाही वाटलं. पण मी बाबांचं यंत्र बिघडवीन, असं तुम्हाला वाटलं."

"नाही वाटायला हवं होतं," ती डोळे पुसत म्हणाली. "पण मी विचारलं, कुठे असता, तेव्हा सांगायचं होतंत ना! एक शब्द बोलला असतात तर इथवर आलंच नसतं."

पैलवानाने जिन्याकडे पाहिलंच नाही. जिना वळणाचा होता आणि खालचं माणूस वरून दिसत नव्हतं. "कसं सांगणार? तिचं नाव सगळ्यांसमोर, तिला न विचारता?"

"मग तिला विचारायचं."

"महिनाभर तेच विचारायला जातोय. जातो आणि दोऱ्याचं विचारून येतो."

"का?"

तो अवघडून उभा राहिला. फेस आता हनुवटीवरून ओघळत होता. "भीती वाटते, वहिनी."

जिन्याच्या वळणावरून वाचककाकांचा खाकरण्याचा आवाज आला. आणि त्यांच्या मागून त्यांच्या मुलीचा, धापा टाकत, पण स्पष्ट:

"तीन मजले चढायला लावलेत. आता विचारा तरी!"

पैलवानाच्या हातातलं पातं खाली पडलं. ते कुणी उचलायच्या आत बाईंनी संचालिकेचा दंड धरला, वाचककाकांचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघांना घेऊन त्या एकेक पायरी जपून उतरू लागल्या. वाचककाका दर पायरीला थांबून कान टवकारत होते.

"काका, चला," बाई म्हणाल्या.

"चाललोय. पण जरा हळू चला ना, बाई. उत्तर ऐकू यायला हवं."